क्रीडांगणावरील अनुशेष

गोव्यात २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने ८० सुवर्णपदकांसह एकूण २२८ पदके मिळवली आणि राजा भालिंद्र सिंग करंडक जवळजवळ तीन दशकांनी राज्यात आणला. त्यानंतर २०२५ च्या आरंभी उत्तराखंडात सेनादलाच्या संघाने ६८ सुवर्णपदकांच्या बळावर पहिला क्रमांक घेतला. परंतु पदकांची एकूण संख्या पाहिली तर १९८ पदके मिळवणारा महाराष्ट्रच तेथेही सर्वांच्या पुढे होता. या यशाचा आनंद राजुऱ्यातही झाला, आणि तो व्हायलाच हवा. मात्र वर्गात या आकड्यांचा विषय निघाला असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, यांतली आपल्याकडची किती?" अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसापाशी या प्रश्नाचे उत्तर असायला हवे होते. ते नव्हते, कारण पदकतालिकेत ते छापलेलेच नसते.

राज्याचे एकूण उत्पन्न आणि पदकतालिका या दोन गोष्टींत मोठे साम्य आहे. दोन्ही बेरजा आहेत, आणि बेरीज ही वाटपाविषयी काहीच बोलत नाही. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकांत असते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण त्याच तासाला मुंबई-ठाणे-पुणे बाजूला काढून उरलेल्या राज्याकडे पाहायलाही शिकवतो. मग क्रीडा क्षेत्राच्या बाबतीत हा दुसरा धडा आपण का गाळतो? वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला, तेव्हा राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यांत विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी रुपये ठरला होता. त्या हिशेबात रस्ते होते, सिंचन होते, ग्रामीण विद्युतीकरण होते, शिक्षण आणि आरोग्य होते, पशुवैद्यकीय सेवासुद्धा होती. क्रीडांगण नव्हते. समितीला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी खेळ हा विकासाचा विषय मानला जात नव्हता, तो हौसेचा विषय होता. आज त्याच खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे जे पूर्वी हौसेचे होते ते आता उपजीविकेचे साधन झाले आहे. अशा वस्तूचे वाटप कसे होते, हा प्रश्न मग क्रीडाप्रेमींपुरता राहत नाही. त्याची चौकशी करणे कारकुनाच्या परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घराला आवश्यक होते.

स्पर्धेत कोणाला स्थान मिळते, हे आपण समजतो त्याप्रमाणे मैदानावर ठरत नाही. ते त्याआधी पुष्कळ ठरून गेलेले असते, आणि ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे घटक. संघ कोणत्या प्रदेशाचा धरायचा? वरवर हा भूगोलाचा प्रश्न वाटतो, पण तो शुद्ध राजकारणाचा आहे. वेस्ट इंडीजचे खेळाडू क्रिकेटमध्ये एका टोपीखाली खेळतात. पण १९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत क्रिकेट आले, तेव्हा तेथे बार्बाडोस, जमैका आणि अँटिग्वा असे निरनिराळे संघ उतरले. इंग्लंड आणि स्कॉटलंड राष्ट्रकुल स्पर्धेत प्रतिस्पर्धी, तर ऑलिंपिकमध्ये एकाच संघाचे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतही सेनादल हे जणू एक राज्यच असते. महाराष्ट्रात जन्मलेला जवान तेथे महाराष्ट्राविरुद्ध धावू शकतो.

आशियाई स्पर्धांचा इतिहास तर या दृष्टीने फार बोलका आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ज्या जपानला प्रवेश मिळाला नव्हता, त्याला १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने सन्मानाने बोलावले. पुढे १९६२ साली जाकार्ता येथे यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना व्हिसाच दिले नाहीत. त्याविरुद्ध आवाज उठवणारे गुरुदत्त सोंधी हे भारतीय होते, आणि त्याबद्दल जाकार्तातील भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. म्हणजे एखाद्याला वगळायचे असेल तर त्याला मैदानावर हरवण्याची गरज नसते; दारातल्या कागदपत्रांत त्याला अडवले की काम होते. जाकार्ताला व्हिसाने जे केले, तेच काम आपल्याकडे फार साध्या, कोणाच्याही द्वेषाविना चालणाऱ्या गोष्टी करतात. त्यांकडे वळण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या घटकाचे कोडे पाहिले पाहिजे.

रणजी करंडकासाठी महाराष्ट्राच्या भूमीवरून तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत तो करंडक जिंकलाही. खो-खो आणि कबड्डीच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतही विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा खेळत आला आहे. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मात्र राज्याला एकच दार असते आणि त्यावर महाराष्ट्र अशी पाटी असते. सांघिक खेळांत या स्पर्धेची पात्रता मुख्यतः आधीच्या अजिंक्यपदातील क्रमावर ठरते. मग जो मुलगा वर्षभर विदर्भाच्या संघातून खेळला, त्याने त्या एका दारातून कसे आत शिरायचे? राज्याच्या संघटनेचे जिल्हे वेगळे, विदर्भाच्या संघटनेचे वेगळे. एका बाजूला वेगळेपणाचा मान आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच मानामुळे मोठ्या स्पर्धेपासूनचे अंतर आहे. स्वतंत्र विदर्भाचा वाद येथे उकरण्याचा हेतू नाही. त्या वादात कोणत्याही बाजूला असलेल्या माणसाला ही विसंगती दिसावी, इतकेच म्हणायचे आहे.

राजुऱ्याच्या माणसाला घटक बदलण्याची सवय आहे. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, प्रथम नांदेड जिल्ह्यात, आणि १९५९ मध्ये चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात. पुढे याच मूळ तालुक्याच्या भूमीतून कोरपना आणि जिवती हे तालुके झाले. जिवतीच्या पहाडावर चौदा गावे अशी आहेत की जी महाराष्ट्राची की पूर्वीच्या आंध्राची आणि आताच्या तेलंगणाची, या वादात पिढ्या गेल्या. तेथे दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आहेत, दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावे आहेत, आणि दोन्ही राज्यांच्या शाळाही आहेत. शालेय स्पर्धेत खेळाडूचे राज्य त्याच्या शाळेवरून ठरते. तेव्हा एकाच अंगणातल्या दोन भावांपैकी एक मराठी शाळेत आणि दुसरा तेलुगू शाळेत गेला, तर ते दोघे दोन राज्यांचे खेळाडू होतात. पहाडाच्या पलीकडच्या मुलांचा घटक तर आपल्या डोळ्यांदेखत बदलला: २०१५ साली केरळातील राष्ट्रीय स्पर्धेत तेलंगणाचा स्वतंत्र संघ उतरला आणि आदिलाबादच्या खेळाडूला जवळचे दार मिळाले. अलीकडच्या उतारावरील मूल मात्र होते तेथेच राहिले.

आता दुसरी गोष्ट, शिडीची. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. पुण्याच्या मुलाला या शिडीच्या बहुतेक पायऱ्या शहर बसने गाठता येतात. राजुऱ्याच्या मुलाला जिल्ह्यासाठी वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरला, विभागासाठी नागपूरला, आणि राज्यस्पर्धा पुण्याला असेल तर सुमारे आठशे किलोमीटर जावे लागते. त्यातून या पायऱ्यांची सुरुवात होते ऐन पावसाळ्यात. ज्यांनी राजुरा-बल्लारपूर रस्त्यावरचा वर्धेचा पूल पाण्याखाली गेलेला पाहिला आहे (२०२२ च्या जुलैत तो पुन्हा पाहावा लागला), त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. गडचांदूरहून भोयेगावमार्गे जाता येते म्हणावे, तर पूर मोठा असला की तो मार्गही बंद होतो.

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी पहाडावरच्या एका आश्रमशाळेतून आलेली एक विद्यार्थिनी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होती. दहावीत असताना ती आठशे मीटरच्या शर्यतीत तालुक्यात पहिली आली होती. जिल्हास्पर्धेच्या आदल्या रात्री नदी चढली आणि सकाळी एस. टी. सुटलीच नाही. तिच्या क्रीडाशिक्षकांनी दूरध्वनी केला, तेव्हा विभागाच्या तारखा ठरलेल्या असल्यामुळे शर्यत पुढे ढकलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. उत्तर नियमाला धरून होते. निकालपत्रकात तिच्या नावापुढे "गैरहजर" असा शेरा पडला. कोणी भेदभाव केला नाही, कोणी तिची जात विचारली नाही, कोणी लाच मागितली नाही. तरीही ती वगळली गेली. अशा प्रकारच्या वगळण्याला आरोपी नसतो, आणि म्हणून त्यावर उपायही होत नाही.

कागदपत्रांचीही एक लहानशी गंमत आहे. शिक्षक वाचकांना ती माहीत असेलच. वनाच्छादित भागातील शाळांचे दाखले चाळले तर गावातील निम्म्या मुलांचा जन्म १ जूनला किंवा १ जुलैला झाला असावा असे वाटते. जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमारासची एक तारीख लिहून टाकत, आणि ही चाल पूर्णपणे गेली आहे असे म्हणवत नाही. बाकी आयुष्यात या तारखेने काही बिघडत नाही. वयोगटाच्या स्पर्धेत मात्र तीच तारीख मुलाला लहान गटातून मोठ्या गटात ढकलते किंवा त्याच्या वयाविषयी संशय उत्पन्न करते.

याउलट जेथे क्रीडा प्रमाणपत्रांचे मोल पुरते ओळखले गेले, तेथे बनावट प्रमाणपत्रांचा व्यापार उघडकीस आला, आणि मग पडताळणीचे नियम कडक झाले. कडक नियमांचा भार नेहमीप्रमाणे लबाडापेक्षा ज्याच्या गावापासून कार्यालय लांब आहे त्याच्यावर अधिक पडतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. खेळात शेवटी गुणवत्ता पाहावयाची असते. शंभर मीटर जो सर्वांत लवकर धावेल तो जाईल, तो कोणत्या जिल्ह्याचा हे विचारणे म्हणजे खेळात आरक्षण आणणे होय, असे म्हटले जाते. राष्ट्रीय संघापुरते हे मान्य केलेच पाहिजे. पण सर्वांत वेगवान कोण, हे ठरवण्यासाठी आधी सर्वांना धावू द्यावे लागते. ज्यांची वेळ कधी मोजलीच गेली नाही, त्यांच्यातून निवडलेला सर्वोत्तम हा मोजल्या गेलेल्यांमधला सर्वोत्तम असतो. संख्याशास्त्राच्या पहिल्या प्रकरणातील ही गोष्ट आहे. १९८७ मध्ये केंद्राच्या क्रीडा प्राधिकरणाने दुर्गम भागांत जाऊन मुले शोधण्याची योजना काढली. तीतून उदयपूरकडील लिंबाराम हा आदिवासी तिरंदाज पुढे आला आणि त्याने १९९२ साली विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच योजनेत कर्नाटक-गुजरातमधील सिद्दी मुलांना धावण्यासाठी घेतले होते. काही वर्षांतच तो उपक्रम गुंडाळला गेला आणि मुले घरी परतली. शोधण्यात जो उत्साह असतो तो टिकवण्यात नसतो. शिवाय आदिवासी मूल म्हणजे उपजत धावपटू किंवा उपजत तिरंदाज, ही समजूतही सोडून द्यावी हे बरे. स्पर्धेचे आधुनिक धनुष्य जंगलात मिळत नाही, ते काही लाखांना विकत मिळते.

आपल्याकडेही उत्साहाचे प्रसंग आले. २०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाच्या "मिशन शौर्य" मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले, तेव्हा या भागातील माणसाची मान खरोखरच उंच झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या पुढाकाराने "मिशन शक्ती" चा प्रारंभ झाला आणि २०२४ च्या ऑलिंपिकचे लक्ष्य ठेवण्यात आले. विसापूरला संकुल उभे राहिले. तेथे २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. २०२४ चे ऑलिंपिक होऊन गेले. महाराष्ट्राला पॅरिसमध्ये पदक मिळाले ते कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याला नेमबाजीत, कांस्य. सहा वर्षांत ऑलिंपिकपटू घडत नाही, त्यामुळे या उपक्रमाला अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. माझी तक्रार निराळी आहे. एव्हरेस्टला नेण्यासाठी दहा मुले निवडता येतात. परंतु दरवर्षी पावसाळ्यात शेकडो मुलांना चंद्रपूरपर्यंत नेण्याची व्यवस्था मोहिमेच्या स्वरूपात होत नाही, ती नित्याच्या कारभारात करावी लागते, आणि नित्याच्या कारभाराचे उद्घाटन करता येत नाही.

गडचिरोलीत वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉलच्या आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने कबड्डीच्या स्पर्धा पोलीस दल भरवते. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये २०२४ च्या अखेरीस "बस्तर ऑलिंपिक" झाले. सात जिल्ह्यांतील दीड लाखाहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला आणि शस्त्रे टाकून आलेल्यांचाही संघ त्यात खेळला. यामागे राजकारण आहे, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. तरीही मला ते वाईट वाटत नाही. ज्या गावापर्यंत क्रीडा खात्याची जीप पोचत नाही तेथे पोलिसांचे वाहन व्हॉलीबॉलची जाळी घेऊन पोचत असेल, तर जाळी चांगलीच. फक्त एक विचारावेसे वाटते: बंदोबस्ताची गरज संपल्यावर त्या गावात ती जाळी कोण बांधणार?

घटक जवळ आणला म्हणजे काय होते, याचा एक पुरावा आम्हा महाविद्यालयीन शिक्षकांच्या समोर आहे. २०११ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठात होती. त्या वेळी विद्यापीठाच्या संघात येण्यासाठी आमच्या मुलांना नागपूर शहरातील मोठ्या महाविद्यालयांशी स्पर्धा करावी लागे, आणि निवड चाचण्यांसाठी नागपूरला राहण्याचा खर्च करावा लागे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून कुलपतींच्या म्हणजे राज्यपालांच्या छत्राखाली भरणाऱ्या "अश्वमेध" या राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात या दोन जिल्ह्यांचा संघ मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या बरोबरीने संचलनात चालतो. मुले तीच, जंगल तेच, भात-डाळ तीच. बदलली ती फक्त मोजण्याची चौकट. लहान घटकाचा संघ पहिल्याच फेरीत बाद होण्याचा संभव अधिक असतो, हेही खरे. लहान घटकात लहान सुभेदार निर्माण होतात, हेही खरे. पण जो संघ बाद होतो तो निदान खेळलेला असतो, आणि त्याने घातलेला विद्यापीठाचा गणवेश त्याच्या गावात पुढच्या पाच मुलांना दिसतो.

तेव्हा मागणे मोठे नाही. राज्याचे पथक राष्ट्रीय स्पर्धेला निघते त्या वेळी खेळाडूंच्या नावांपुढे त्यांचा जिल्हा आणि त्यांनी पहिली स्पर्धा कोठे खेळली हे छापावे. पाच वर्षांत आपल्यापाशी अनुशेषाचा तक्ता तयार होईल. वैधानिक विकास मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली, त्यामुळे असा तक्ता मागणारे घटनात्मक व्यासपीठही आज उरलेले नाही. म्हणून तो क्रीडा संचालनालयानेच काढावा. पूरप्रवण तालुक्यांच्या स्पर्धा दिवाळीच्या सुमारास घ्याव्यात, किंवा त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या पायरीवर राखीव दिवस ठेवावा. प्रवासाचे पैसे बिल मंजूर झाल्यावर देण्याऐवजी निघण्यापूर्वी द्यावेत, कारण आश्रमशाळेच्या शिक्षकाने स्वतःच्या पगारातून किती मुलांची तिकिटे काढावीत यालाही मर्यादा आहे. आणि तालुक्याच्या मैदानावर प्रत्येक पंचाच्या हातात एक स्टॉपवॉच असावे.

हे शेवटचे मी त्या विद्यार्थिनीमुळे लिहिले. तालुक्याला पहिली आलीस तेव्हा तुझी वेळ किती होती, असे तिला विचारले होते. जिल्ह्याला त्या वर्षी जी मुलगी जिंकली तिची वेळ निकालपत्रकात होती आणि ती या मुलीला पाठ होती. स्वतःची वेळ मात्र तिला ठाऊक नव्हती. "तालुक्याला वेळ लिहीत नाहीत, सर," ती म्हणाली, "पहिली, दुसरी, तिसरी एवढंच लिहितात."